ओढ्यापलीकडचा होकार

राऊतकाका दर शनिवारी डोंगराची तब्येत बघून येतात. हे त्यांचेच शब्द. आमच्या माणिकपूरच्या सोसायटीतली दहाबारा माणसं रविवारी तुंगारेश्वरच्या डोंगरात भटकायला जातात. आदल्या दिवशी काका एकटेच, हातात बांबूची काठी घेऊन, वाट आणि ओढा तपासून येतात. मग ग्रुपवर अहवाल पडतो: "ओढा घोटाभर. तिसरा दगड डुगडुगतो. चौथ्यावर पाटीलसाहेबांनी पाय ठेवू नये." पाटीलसाहेब अंगाने भरभक्कम आहेत आणि तेव्हापासून काकांशी बोलत नाहीत.

आता फेब्रुवारीत ओढ्याला चिमणीच्या आंघोळीपुरतं पाणी. त्यात तपासायचं काय, असं मी एकदा विचारलं. काका कडाडले, "पावसात सगळेच जपून चालतात रे! पडतात ते आत्ता. शेवाळ सुकल्यासारखं दिसतं, सुकलेलं नसतं. वर पाचोळा. त्याच्याखाली काय आहे ते तुझ्या बापाला तरी दिसतं का?" माझ्या वडिलांचा यात काही संबंध नव्हता.

यंदा मात्र लागोपाठ तीन शनिवार अहवाल दोनच शब्दांचा आला: "वाट बंद." कारण काही नाही. लोक वैतागले. चौथ्या शनिवारी सगळ्यांनी मला काकांच्या मागे लावून दिलं, कारण मी त्यांच्याच मजल्यावर राहतो.

सातिवलीच्या कारखान्यांची घरघर मागे पडली, चढ लागला, नऊ वाजले तरी धुकं हटेना. ओढ्याशी आल्यावर काकांनी काठीने पाणी मोजलं, एकेक दगड हलवून पाहिला. सगळं ठीक होतं. मग ते काठावर ताठ उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "येऊ का?"

पलीकडे चिटपाखरूही नव्हतं.

"काका, कोणाला विचारताय?"

"मंदाला."

मंदाकाकींना जाऊन दीड वर्ष झालं होतं. खांदा मीही दिला होता.

"जोडीनंच वाट तपासायचो आम्ही," काका बाजारहाटाची गोष्ट सांगावी तसं सांगू लागले. "ती हलकी, म्हणून ओढ्यात आधी ती. पलीकडे पोचली की दगडावर दगड दोनदा आपटायची. म्हणजे, या. ती गेल्यावरही वाजायचं. सुतारपक्षी असेल, माकड असेल, मी बघायला जात नाही. पण तीन आठवडे झाले, काहीच नाही. ती या म्हणत नाही तोवर मी माणसं कशी आणू इथे?"

अर्धा तास आम्ही बसून राहिलो. पानसुद्धा हलत नव्हतं. काकांचं ते कान लावून बसणं मला बघवेना. "जरा जाऊन येतो" म्हणून करंगळी दाखवली, वरच्या अंगाने ओढा ओलांडला, झाडीतून फिरून त्यांच्या समोरच्या काठावर आलो आणि एक गोटा उचलला. लबाडीच होती, पण त्या क्षणी मी ती आनंदाने करणार होतो.

हात वर नेला, आणि माझ्या डावीकडे, दोन हातांवर, वाजलं. ठक. ठक.

तिथे कोणी नव्हतं. गोटा माझ्या हातातच होता.

"आलो गं!" काका धडपडत पाण्यातूनच आले. माझ्या हाताकडे नजर गेली आणि त्यांचं तोंड उतरलं. "तू होतास होय? असू दे. बरं वाटलं ऐकून."

हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण भीतीने माझी पुरती गाळण उडाली होती. "काका, शप्पथ, मी नाही वाजवला."

काकांनी काठी टेकवली. "कुठून आला आवाज?"

मी बोट केलं. तिथे एक सपाट खडक होता. काका त्यावर बसले, मग जरा कडेला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

"तू हो पुढे," ते हळूच म्हणाले. "सांग सगळ्यांना, उद्या खुशाल या. आम्ही जरा बसतो."