गुलबक्षी मोटार आणि तिचे दोन धनी यांची हकीकत

श्री. वाट देणारा तो, वेग देणारा तो, आणि वेळीच ब्रेक लावणाराही तोच. त्यास वंदन करोन लेखणी धरिली. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सरी, एका राज्यांत, ज्याचे नांव लिहिण्याचे प्रयोजन नाही, परदेशीचा वकील बंदरी उतरला आणि त्याचे सामानांत एक मोटार आली. मोटार अमेरिकेची, आठ सिलिंडरांची, लांबरुंद, नाक पुढे काढलेली, आणि रंग गुलबक्षीचे फुलाचा. क्रेनने धक्क्यावर ठेविली तेव्हां हमाल, कस्टमाचे शिपाई, मासळीवाल्या सर्व भोवती जमा जाहले आणि एक कोळीण बोलिली, "अगं बया, हिला नुसतं हळदीकुंकू लावायचं राहिलंय!" तेव्हांपासोन मोटारीस गुलबक्षी म्हणो लागले. वर्षाने वकील स्वदेशी गेला आणि मोटार एका गिरणीमालकाकडे आली. मालक भित्रे, काटा चाळीसावर गेला की डोळे मिटीत. परंतु त्यांचा चालक आंतोन परेरा, वय सत्तावीस, त्याचे हाती मोटार पडली आणि दोघांचे दैव उघडले. शहराबाहेर विमानांची जुनी धावपट्टी होती, तेथे दर हिवाळ्यांत मोटारींची शर्यत होत असे. विलायती हलक्या मोटारी वळणावर सफाईने वळत आणि गुलबक्षी म्हशीसारखी अंग टाकी. मग सरळ पट्टी लागली की आंतोन पाय दाबी आणि मागचे लोकांस नुसता धूर दिसे. ऐशी पहिली शर्यत जिंकिली, दुसरी जिंकिली, आणि तिसरीस भर वेगांत बॉनेट उघडोन काचेवर आदळले, काच फुटली, टपास पोचा पडला, पुढचे काही दिसेना. मग आंतोनाने खिडकींतून मान बाहेर काढिली आणि उरलेल्या दोन फेऱ्या तैशाच मारोन हातभर अंतराने तिसरी ढालही आणिली. लोकांनी त्यास खांद्यावर घेतले आणि गिरणीमालकांनी, म्हणतात, प्रथमच डोळे उघडे ठेवोन मोटारीकडे पाहिले.

त्याच साली अरबांचे मुलुखी लढाई जाहली, तेल महागले, आणि गुलबक्षी तेल पिणारी अशी की पंपावरचे लोक तिला पाहोन उठोन उभे राहात. मालकांनी ती विकिली. पुढे ती कोणाकडे गेली, कोठे राहिली, हे राज्यांत कोणास ठाऊक राहिले नाही. मग चाळीस वर्षे लोटली आणि एकाएकी राज्यांत दोन गुलबक्षी प्रकट जाहल्या. एक वरघाटी फत्तेसिंगराव जगदाळे यांचे पदरी, दुसरी बंदरी सोराबशेट कराणी यांचे पदरी. दोघांजवळ मोटारीचे पुस्तक, दोहोंवर सरकारी शिक्का, रंग एक, नाक एक. राव म्हणत माझी खरी, शेट म्हणत माझी खरी. अकरा वर्षे दोघांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांस पत्रे लिहिली, आणि एके वर्षी जुन्या मोटारींचे मिरवणुकीत दोघेही अग्रभागी जाऊ लागले, तो पुलावर दोन मोटारी शेजारी शेजारी अडकल्या आणि राज्याची वाहतूक दोन प्रहर ठप्प जाहली. तेव्हां मोटारशौकिनांची सभा भरली आणि ठरले की या प्रकरणाचा छडा लावावा, खोटी ठरेल तिने पुन्हा मिरवणुकीत येऊ नये, आणि निवाडा मैनाबाई सातपुते यांनी करावा.

मैनाबाई म्हणजे परिवहन कचेरींतल्या. चौतीस वर्षे चाकरी करोन घरी बसलेल्या, वय सहासष्ट. कचेरींत असतां खोटा आकडा त्यांचे नजरेतून सुटला नाही आणि साहेब लोकही त्यांचे टेबलापुढे आवाज खाली करीत. अलीकडे घरी करमत नव्हते. मुलगी परगांवी, यजमान निवर्तले, दिवस दुपारीच संपे. सभेचे बोलावणे आले तेव्हां बाईंनी "बघते" इतकेच उत्तर केले, आणि फोन ठेवोन लगेच कपाटांतून भिंग, टॉर्च, पातळ कागद आणि पेन्सिल काढिली.

प्रथम वरघाटी गेल्या. राव सामोरे आले, बोलिले, "बाई, आधी जेवण, मग मोटार." बाई बोलिल्या, "आधी मोटार. जेवल्यावर माणूस गोड बोलतो." मग पदर खोचोन मोटारीखाली शिरल्या. त्या काळी कारखान्यांत चासीवर आणि इंजिनावर एकच आकडा ठोकीत. बाईंनी चासीवर कागद ठेविला, पेन्सिल घासिली, तो आकडा उमटला: शेवटास चारशे सतरा. जुन्या दप्तराशी ताडिला, तंतोतंत. रावांचे मुख फुलले. मग इंजिन पाहिले, तर ते भलत्याच मोटारीचे, आकडा तिसराच. रावांचे मुख उतरले. बाई जेवल्या आणि बंदरी आल्या. शेट बोलिले, "बाई, तू बघ, आरामसे बघ, माझी गाडी म्हणजे शंभर टक्का!" बाईंनी इंजिनावर कागद घासिला: चारशे सतरा. आणि चासीवर घासिला तो तेथे जुना आकडा कानशीने घासोन वर नवा ठोकलेला, सात वाकडा. बाई बोलिल्या, "शेट, हा सात कोणी शिकवला?" शेट बोलिले, "मी तर अशीच घेतली, खोदायजीची कसम." त्यांचे डोळ्यांत लबाडी नव्हती, हे बाईंनी ओळखिले.

मग बाई दप्तरांत बसल्या आणि सात दिवस धूळ खाल्ली. निघाले ते असे: गिरणीमालकांपासोन मोटार एका सिनेमावाल्याकडे, त्याजपासोन लग्नांत वरातीस मोटारी देणाऱ्याकडे. वरातवाल्याने आठ सिलिंडरांचे इंजिन काढोन विकिले आणि मोटारीस साधे बसविले, आणि पुढे मोटार पुस्तकासह रावांकडे आली. इंजिन गेले एका गुऱ्हाळवाल्याकडे. बाई तेथे पोचल्या. गुऱ्हाळवाला वारला होता, त्याची बायको चंद्राबाई ओसरीवर शेंगा निवडीत होती. ती बोलिली, "व्हय, आणलं होतं की. दोन हंगाम त्यानं उसाचा चरक फिरवला. गूळ झाला, पण वास रॉकेलचा. गिऱ्हाईक म्हणायचं, हा गूळ खायचा का दिव्यात घालायचा? मग शेरडांच्या गोठ्यात पडलं." गोठ्यांतून ते एका दलालाने नेले, पुस्तक हरवले ऐसे सांगोन दुसरे काढिले, तशाच नाकाच्या दुसऱ्या मोटारीचे अंगांत इंजिन बसविले, रंग दिला, आकडा ठोकिला, आणि शेटांस विकिले. दलाल कधीच परलोकी गेला होता; त्यास काय पुसणार?

तरी बाईंचे मन भरेना. चासी शाबूत, परंतु वरचे टपही तेच कशावरोन? म्हणोन आंतोन परेरा यास शोधोन काढिला. एक्याऐंशी वर्षांचा, खाडीकाठी राहात होता, माडाखाली खुर्ची टाकोन बसला होता. बॉनेट उघडल्याची कथा त्याने उभे राहोन, मान बाहेर काढोन, सांगितली आणि बोलिला, "टपाला काचेच्या वरती पोचा होता, बाई. मी स्वतः हातोडीने आतून काढला. रंगाखाली बोटांना लागेल." बाई पुन्हा वरघाटी गेल्या, टपाचे आंतले कापड सोडविले, डोळे मिटोन बोटे फिरविली, तो हातोडीचे घाव लागले, एक, दोन, पाच. चौतीस वर्षांत हजारो मोटारी पाहिल्या, परंतु एखादीवरचा हात काढो नये ऐसे बाईंस त्या दिवशी प्रथमच वाटले.

मग सभा भरली. बाईंनी उभे राहोन सांगितले, "देह रावांकडे आहे, काळीज शेटांकडे आहे. दोघेही अर्धे खरे आणि दोघेही अर्धे खोटे." राव उसळले: "चासी म्हणजे कूळ! इंजिन काय, गुऱ्हाळालासुद्धा बसतं!" शेट उसळले: "अरे, इंजिन नाही तर ती गाडी नाय, पत्र्याची कोंबडीची खुराडी!" सभेत दोन तट पडले, खुर्च्या सरकल्या. बाईंनी टेबलावर भिंग आपटिले आणि बोलिल्या, "आंतोनबाब एक्याऐंशीचे आहेत. त्यांना ती गाडी पुन्हा पळताना बघायची आहे. तुम्हाला भांडायला पुढं आयुष्य पडलंय, त्यांना नाही." सरकलेल्या खुर्च्या जागेवर आल्या. मग शेट उठोन रावांजवळ गेले आणि बोलिले, "इंजिन मी देतो. पण पुस्तकावर नांव दोघांचं." राव बोलिले, "आणि सहा महिने तुमच्याकडे, सहा माझ्याकडे." ऐसा तह जाहला. परंतु तहांत एक कलम अडले: पहिली धाव कोणी घ्यावी? हे म्हणती मी, ते म्हणती मी. शेवटी दोघे एकदम बोलिले, "बाईंनी!" तेव्हां मैनाबाई खाली बसल्या आणि हळू आवाजांत बोलिल्या, "मला चालवता येत नाही."

सभेत हसू फुटले. चौतीस वर्षे राज्यास लायसन दिली त्या बाई! बाईही हसल्या, परंतु घरी जाताना रिक्षांत यजमान आठवले. यजमान म्हणत, तुला कशाला, मी आहे ना. आणि बाईंनीही ते गोड मानोन घेतले होते. दुसरे दिवशी सकाळी त्या आळींतल्या मोटार शाळेत गेल्या आणि नांव घातले. दोन महिने शिकल्या. एकदा दुधाचे कॅन उलथिले, एकदा पोलीस चौकीचे आवारांत शिरल्या. परीक्षेस त्यांचे हाताखाली शिकलेला इन्स्पेक्टर होता. आठाचा आकडा काढताना बाईंचे चाक रेघेवर गेले आणि त्याने खाली मान घालोन सांगितले, "मॅडम, नापास." बाई बोलिल्या, "शाबास. पास केलं असतंस तर कान पिळला असता." पंधरवड्याने पुन्हा गेल्या आणि पास जाहल्या.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, मार्गशीर्षांत, त्याच जुन्या धावपट्टीवर गुलबक्षी उभी राहिली, देह आणि काळीज एक होऊन. बाई उजवे दार उघडोन बसल्या, तो समोर स्टिअरिंग नाही. ते अमेरिकेचे रीतीने डावीकडे. लोक हसले, बाई फिरोन डावीकडे गेल्या. शेजारी शेट, मागे राव, दोघेही एकाच वेळी सूचना देऊ लागले. बाई बोलिल्या, "दोघांनी तोंड बंद ठेवायचं, नाहीतर उतरा." तोंडे बंद जाहली. आंतोनाने झेंडी खाली केली. मोटार एकदा गचका देऊन बंद पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि तिसऱ्यांदा असा आवाज केला की पट्टीकडेचे बगळे उडाले. मग चाळीस, साठ, ऐंशी, शंभर. शेट पारशी देवास आठवो लागले, राव खंडोबास, आणि बाईंनी दात घट्ट आवळले होते परंतु ओठांवर हसू होते. पट्टी संपली, मोटार थांबली, लोक धावत आले. आंतोन काठी टेकीत पोचला, खिडकीशी वाकला आणि पुसिले, "कसं वाटलं, बाई?" मैनाबाईंनी मागे वळोन रावांस पाहिले, शेजारी शेटांस पाहिले, आणि बोलिल्या, "दोघंही उतरा. आंतोनबाब, तुम्ही शेजारी बसा." मग दोघे धनी धुळींत उभे राहिले, आणि गुलबक्षी पुन्हा निघाली, पहिल्याहून जोरांत.

एवंच, एक मोटार, दोन धनी, तीन ढाली, आणि एक बाई. यांचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. राज्यांत त्या दिवशी सर्व आनंद जाहला. अक्षर चुकले असेल तर वाचणाराने सुधारोन घ्यावे, आकडा मात्र बाईंनी तपासिला आहे.