लाल फडक्यातला माधव

इंदुरीच्या दत्तोबाला पहिला संशय आला तो बायकोनं भाकरी वेळेवर वाढली तेव्हा. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण सूर्य डोक्यावर असताना ताट समोर आलं, असं कधी घडलं नव्हतं. वर सरूबाई म्हणाली, "जेवा सावकाश." आणि म्हणताना ती चक्क हसली. दत्तोबानं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आज काय हाय?"

"काय असायचंय? पोथी. बाया येतील आता. तुमी गोठ्याकडं जावा कसं."

श्रावणात, भातलावणी उरकली की, सरूबाईच्या ओसरीवर पोथी लागायची हे खरं. दहा-बारा बाया जमायच्या, आणि अकरावी झालेली लेक नंदा वाचायची. पण पोथी बांधायच्या लाल फडक्यात यंदा पोथी नव्हती. सरूबाईची बहीण कस्तुराबाई लोणावळ्याला एका बंगल्यावर झाडलोट करायची. मुंबईचे पाहुणे गेले की मागं एका पायाची चप्पल, मोडकी छत्री आणि एखादं पुस्तक राहायचं. त्यातलं एक, कव्हर गळालेलं, तिनं चिक्कीबरोबर भाचीला धाडलं. तांदूळ निवडता निवडता नंदानं आईला चार पानं वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत पोथी नमस्कार करून ट्रंकेत गेली आणि तिच्या फडक्यात हे पुस्तक बसलं. पोथीच्या वेळी पुरुष फिरकत नाहीत आणि पारोशानं कुणी त्या फडक्याला बोट लावत नाही, हे सरूबाईला पक्कं ठाऊक होतं.

पुस्तकात होता माधव. रेल्वेत नोकरीला, हुतूतूत पटाईत, आणि ऐन सामन्यात गुडघा मोडून घेतलेला. शाळामास्तरीण शालिनी त्याच्यात गुंतलेली, आणि शालिनीचा बाप हटवादी. शंभर पानं उलटली तरी माधवनं तिच्या बोटाला बोट लावलं नव्हतं. शाळा सुटल्यावर तो लंगडत फाटकाशी यायचा आणि एवढंच विचारायचा, "दमलीस का?" या शब्दांवर बाया असा काही सुस्कारा सोडायच्या की देव्हाऱ्यातलं निरांजन तीनदा विझलं होतं. प्रकरण संपलं की थोरली झुंबरबाई सवयीनं हात जोडायची.

दत्तोबा गोठ्यात गेला, पण म्हशीकडं गेला नाही. गोठ्याच्या आणि ओसरीच्या मधल्या कुडाला एक भोक होतं, त्याला कान लावून बसला.

"आपल्या माधवचा गुडघा बरा व्हईल ना गं?" झुंबरबाई विचारत होती.

"व्हनार तर! रेल्वेत पर्मनंट हाय, दवाखाना फुकट," सरूबाई म्हणाली.

"पन बापाला कळलं तर?"

"बाप म्हंजी निव्वळ धोंडा. पन बगाच तुमी, शेवटाला त्योच आपल्या हातानं सुपारी फोडतोय का न्हाई."

दत्तोबाच्या हातातलं वैरणीचं पेंडकं खाली पडलं. घरात लग्नाची पोर एकच, नंदा. बापही एकच. राहता राहिला तो माधव.

तो थेट सोपान शिंप्याकडं गेला. सोपानकडं कपडे वेळेवर मिळत नसत, पण सल्ला उभ्याउभ्या मिळायचा. सगळं ऐकून त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"गुडघा मोडलेला, रेल्वेतला, हुतूतू खेळनारा. म्हंजी लोनावळा. तितल्या रेल्वे इंजनाच्या शेडात गडी खेळत्यात."

"कसा वळखू?"

"लंगडतो त्यो माधव. आन दत्तोबा, सरूवयनींना काय इचारू नगंस. बाया सावध झाल्या की पोरगी घेऊन पळल त्यो."

दुसऱ्याच दिवशी दत्तोबा काठी घेऊन तळेगावला गाडीत बसला. लोणावळ्याला धुकं असं की त्यानं शेडची वाट विचारली ती विजेच्या खांबाला, आणि उत्तर मिळेना तेव्हा 'मानूस लय मिजासखोर' म्हणत पुढं गेला. शेडच्या मागं पत्र्याखाली माती पसरून आठ-दहा गडी हुतूतू खेळत होते. आणि कडेला एका ओंडक्यावर, गुडघ्याला फडकं बांधून, एक उंचापुरा पोरगा बसला होता.

"गुडघ्याला काय झालं रं?" दत्तोबानं काठी आपटून विचारलं.

पोरगा उभा राहिला. "पकडीत मुरगाळला, आबा."

"नाव?"

"शांताराम."

नाव बदलून सांगतोय, दत्तोबानं मनात नोंद केली. पोचलेला दिसतोय. अशाची तक्रार थेट त्याच्या वडीलधाऱ्यांपाशी न्यायला हवी, आणि त्यासाठी मूळ शोधायला हवं.

"गाव?"

"पवनानगर. तितं चुलते असत्यात, भिमाजी. आईबाप न्हाईत मला."

"मामा कुठला?"

"शिळिंबचा."

"देवक?"

"कळंब."

देवक विचारायचं काही कारण नव्हतं. पण मावळातल्या माणसाची जीभ एकदा या वाटेला लागली की मधे उतरत नाही. गडी खेळ थांबवून भोवती जमले. एकानं शांतारामला कोपरानं ढोसलं, दुसऱ्यानं त्याचा भांग बोटांनी नीट केला. तिसरा धावत चहा घेऊन आला आणि त्यानं दत्तोबाला ओंडक्यावर बसवलं.

"नोकरी रोजंदारी का कशी?"

"पर्मनंट हाय, आबा!" सगळा संघ एका सुरात ओरडला.

"पर्मनंट!" दत्तोबा दातओठ खात म्हणाला. घरातलीला सगळी माहिती आहे तर. "दारू?"

"शिवत न्हाई."

खोटारडा, दत्तोबानं ठरवलं. "रविवारी तुज्या चुलत्याला घेऊन इंदुरीला माज्या दारात ये. दत्तोबाचं घर म्हन, कुनीबी दाखवील. मंग बगतो काय करायचं तुजं."

शांताराम लाजला, वाकला आणि त्यानं पायांवर डोकं ठेवलं. वर्षानुवर्षांची सवय, दत्तोबाच्या तोंडून निघून गेलं, "औक्षवंत हो." म्हटल्यावर त्यानं जीभ चावली, पण आशीर्वाद काही परत घेता येत नाही. गड्यांनी त्याला स्टेशनापर्यंत पोचवलं आणि काखेत चिक्कीचा पुडा कोंबला. नाव खोटं, मस्का खरा, असं म्हणत दत्तोबानं तो गाडीतच संपवला.

रविवारी सोपाननं पाच काठीवाले आणून गोठ्यात दडवले. "मी खाकरलो की भायेर," त्यानं बजावलं. दहाच्या सुमारास भिमाजी आला, केशरी फेटा बांधून. मागं शांताराम लंगडत, आणि त्याच्या मागं शेडातले चार गडी. भिमाजीच्या हातात नारळ, पानसुपारी आणि साखरेचा पुडा.

"रामराम, पावनं!" भिमाजी दारातूनच गरजला. "चातुर्मासात लगीन न्हाई, पन बगायला काय हरकत? पोरीच्या बापानं पावसातनं सवता येऊन पोराची चौकशी करावी, देवक इचारावं, आशीर्वाद द्यावा! असा मानूस म्या जन्मात बगितला न्हाई!"

दत्तोबानं आ वासला. नेमका त्याच क्षणी सोपानला खरंच ठसका लागला आणि गोठ्यातून पाच जण काठ्या परजत बाहेर आले.

"अरारारा!" भिमाजी खूश होऊन ओरडला. "पावन्यांच्या सामोरं काठीवाले पन ठिवलेत! शांत्या, बग, मानसाची हौस बग!"

पाच जणांनी एकमेकांकडं पाहिलं. आता काय करावं ते सुचेना, म्हणून ते तिथंच दोन-दोन हात काठी फिरवून दाखवू लागले.

सरूबाई दारात आली. तिनं काठ्या पाहिल्या, नारळ पाहिला, मग फडकं बांधलेला गुडघा पाहिला, आणि तिच्या पाठीमागून झुंबरबाई कुजबुजली, "अगं बया! ह्यो तर पोथीतनं उतरला!"

पाहुणे दारात आले म्हटल्यावर हाकलता थोडंच येतं? पोहे झाले. नंदा पाट सरकवून बसली आणि भिमाजीनं रीतीप्रमाणं तिला नाव विचारायच्या आधी तिनंच शांतारामला विचारलं, "सामन्यात समोरचा गडी पडला तर तुमी काय करता?"

माधव अशा वेळी डाव सोडून गड्याला उचलायचा. ओसरीवर जमलेल्या सगळ्या बाया श्वास रोखून बसल्या.

शांतारामनं गुडघ्यावरचं फडकं सारखं केलं. "आधी बाद करतो," तो म्हणाला, "मंग उचलतो."

नंदाला खुदकन हसू आलं आणि ते काही केल्या आवरेना. त्या हसण्यात काय ते सगळ्यांना कळलं. भिमाजीनं सुपारी पुढं केली. दत्तोबानं इकडंतिकडं पाहिलं, सोपान केव्हाच पसार झाला होता. मग त्यानं आपल्या हातानं सुपारी फोडली.

पाहुणे गेल्यावर तो सरूबाईवर उसळला. "ह्योच न्हवं तुमचा माधव? किती दिस चाललंय हे?"

सरूबाई आधी बघत राहिली आणि मग पोट धरून हसत खालीच बसली. "अवं, आंगूळ करून या. दाखवते."

"सकाळी केलीया."

"फिरून करा. लाल फडकं हाय ते."

ओल्या अंगानं दत्तोबानं फडकं सोडलं. पानामागून पान चाळलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वाचणं हळू, पण संशय दांडगा. "ह्या असल्या बुकात काय काय असतं ते ठावं हाय मला. तिचा हात कुटं धरलाय त्ये पान दाव."

"धरलाच न्हाई."

"दोनशे पानांत? मला शिकवू नगंस. मी हुडकतो."

तो हुडकू लागला. म्हशी चारताना बांधावर बसून हुडकलं, विहिरीच्या काठावर हुडकलं. माधवनं शालिनीला छत्री दिली तेव्हा तो सावरून बसला, पण माधव आपला भिजत गेला. शालिनीला ताप आला तेव्हा त्याला वाटलं, आता! तर माधव फाटकाबाहेर उभा राहून परत. चार दिवसांत पुस्तक संपलं, हात काही कुठं सापडला नाही. शेवटच्या सामन्यात मोडका गुडघा बांधून माधव मैदानात उतरला, तेव्हा म्हैस शेजाऱ्याच्या भातात घुसली तरी दत्तोबा हलला नाही. तिला हाकलायला शेजारी आला. त्यानं दत्तोबाचे डोळे पाहिले आणि घरात कुणी गेलं की काय म्हणून टोपी काढली.

त्या दिवशी घरी येऊन दत्तोबा चुलीपाशी घुटमळला. सरूबाई भाकरी थापत होती. त्यानं दोनदा घसा साफ केला.

"दमलीस का?"

सरूबाईचा हात परातीत थांबला. तिनं मान वर केली, नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं आणि पिठाचा हात त्याच्या कपाळाला लावून पाहिला.

"काय केलंत?"

"काय न्हाई."

"म्हस इकली?"

"अगं न्हाई!"

"मग सोपानभावजींच्या नादानं कुटं अंगठा दिलात? खरं सांगा!"

"अगं, नुसतं इचारलं."

"बावीस वर्सांत न्हाई ते!" ती उठली, आधी म्हैस बघून आली, मग ट्रंक उघडून पाटल्या बघून आली. सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यामुळं तर तिचा संशय जास्तच वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तोबा लवकर जेवला. "जेव सावकाश," असं तिलाच सांगून हसत हसत गोठ्याकडं गेला. सरूबाईनं ताट तसंच सोडलं, ओसरीच्या कुडाशी पावलं न वाजवता गेली आणि त्याच भोकाला कान लावला.

आत सोपान होता, पाचही काठीवाले होते. कुणीतरी नाक ओढत होतं.

"मंग गुडघ्याचं काय झालं, दत्तोबा? वाच की पुढं!"

"दम धर," दत्तोबाचा आवाज आला. "शिंप्या, हात मागं घे. फडक्याला शिवायच्या आदी आंगूळ केलीस का?"