शेरा पुसण्याबाबत

जी गोष्ट नष्ट करायची ती मुळात आहे, याची आधी खात्री करून घ्यावी, हा सुसंस्कृत कारभाराचा पहिला नियम आहे. नसलेली गोष्ट नष्ट केली तर ती गैरव्यवस्था ठरते आणि असलेली न मोजता नष्ट केली तर अफरातफर. पनवेलच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळाने जुना संगणक विकायला काढला, तेव्हा आम्ही हा नियम तंतोतंत पाळला. परिणाम पुढे दिला आहे.

संगणक २००६ सालचा. सुरू व्हायला त्याला पावणेदोन चहा लागतात. (हे मोजमाप इतिवृत्तात नोंदलेलं आहे.) त्यात चार हजार एकशे बारा उपवर मुलामुलींची माहिती आहे: नाव, उंची, रास, शिक्षण, अपेक्षा आणि शेरा. अपेक्षा उमेदवार लिहितो. शेरा आमच्या संस्थापिका कृष्णाबाई लिहितात आणि तो उमेदवाराला दाखवायचा नसतो. मुलगी बघून परतताना रिक्षात जे बोललं जातं, ते कृष्णाबाईंनी आधीच लिहून ठेवलेलं असतं. उदाहरणार्थ, 'पगार सांगतो त्याहून कमी. उंचीही.' किंवा 'गव्हाणला जमीन आहे. विमानतळ आल्यापासून मुलगा गोरा दिसतो.'

जगन नावाचे गृहस्थ जुने संगणक विकत घेतात. ते म्हणाले, "साहेब, डिस्क काढून तुमच्यासमोर ड्रिलने भोक पाडतो. दोन मिनिटांचं काम."

ही सूचना कार्यकारिणीने तातडीने चर्चेला घेतली. चार हजार माणसांना न विचारता भोक? कार्यकारिणीतले अविनाश वकील म्हणाले, की हल्ली माहितीच्या बाबतीत संमती लागते. नेमकी कशासाठी लागते ते त्यांनी वाचलं नव्हतं, पण लागते एवढं नक्की होतं.

आता, संमती कशाला द्यायची हे माणसाला कळायला हवं. म्हणून प्रत्येकाला पत्र पाठवायचं ठरलं: 'आपली खालील गोपनीय माहिती कायमची नष्ट करण्यात येत आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' खाली ती माहिती, शेऱ्यासकट. इतकी पारदर्शक गोपनीयता दुसऱ्या कुठल्या मंडळात पाळली जात असेल असं मला वाटत नाही. पत्रावर सही मानद चिटणीस या नात्याने माझी, म्हणजे अवधूतची.

इथे एक खुलासा करणं भाग आहे. कृष्णाबाई शेरा कागदी कार्डावर लिहितात, आणि त्या कार्डांवरची माहिती संगणकात मीच भरली होती. तेव्हा मीही उपवर होतो. माझ्या कार्डावर कृष्णाबाईंनी लिहिलं होतं, 'मुलगा बरा. घाईत असलेल्यांना दाखवावा.' संगणकात उतरताना त्याचं 'मुलगा उत्तम, समजूतदार, घरकामाची आवड' असं झालं. (टंकलेखनातील चूक.) चार महिन्यांत चारुताशी माझं लग्न ठरलं. या चुकीची माहिती फक्त मला आणि त्या यंत्राला होती. यंत्र विकण्याचा प्रस्तावही मीच मांडला होता.

सभेत कृष्णाबाई म्हणाल्या, "पत्रात कार्डावरचा शेराही घाला. दोन्ही ताडून पाहा. माझं लिहिलेलं कुणी बदललं नाही ना, तेही कळेल." त्यांचं वय ब्याऐंशी. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि त्यात माझंही मत होतं. विरोध केला असता तर कारण द्यावं लागलं असतं. मी घाबरलो होतो, हे इथे मान्य करतो.

पत्रं गेली. महिनाअखेरची स्थिती अशी: संमती देणारे एकोणीस. शेरा सुधारून मागणारे नऊशे सदतीस. शेरा योग्य आहे पण तो चुकून आपल्याला आला, नवऱ्याचा असणार, असं कळवणाऱ्या एकशे चौदा. दुसऱ्याचा शेरा बघायला मागणारे, वरीलपैकी सर्व.

करंजा बंदरावर मासळी लिलावात विकणाऱ्या रंभाताई पत्र घेऊन स्वतः आल्या. त्यांच्या मुलाच्या, परेशच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'मुलगा सोन्यासारखा. आईचा आवाज मोठा.' मी माफी मागायला उठलो.

"माफी कशाला?" त्या म्हणाल्या. "खरा लिवलाय. लिलावान माजा आवाज मोटा नाय तर मावरा कोन घेल? ता पुसू नका. मना अजून एक कागद द्या, सुनंला दावाचा हाय."

आमच्या घरी दोन पाकिटं यायची होती, एक माझ्या नावाचं, एक चारुताच्या. मी तीन दिवस पोस्टमनच्या वाटेवर उभा राहिलो. चौथ्या दिवशी मंडळाची बैठक होती आणि पाकिटं त्याच दिवशी आली. दोन्ही चारुताने उघडली. लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर घरात तुझं पाकीट, माझं पाकीट असं काही उरत नाही.

मी घरी पोचलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. मी सरळ ओट्याकडे गेलो आणि भांडी घासायला लागलो. (रोजच घासतो. आवड लिहून दिल्यावर जोपासावी लागते.)

"हे तुम्ही बदललंत?" तिने विचारलं.

"हो."

"का?"

"तुझं कार्ड वाचलं होतं. मग माझं वाचलं. घाईत असलेल्यांना दाखवावा, असं असताना मला तू कुठली मिळतेस."

मी तोच कुकर दुसऱ्यांदा घासला. मग ती म्हणाली, "बाबांची बदली नागपूरला होणार होती. त्याआधी उरकायचं होतं. आईने कृष्णाबाईंना स्पष्ट सांगितलं होतं, आम्हाला घाई आहे. तुम्ही कशालाही हात लावला नसतात, तरी मला तुम्हालाच दाखवलं असतं."

एकोणीस वर्षांची भांडी माझ्या डोळ्यांपुढून गेली. वाईट वाटलं, आणि खूप सुटल्यासारखंही वाटलं. चारुताने पेन घेतलं. हरकतीच्या रकान्यात तिने लिहिलं, 'संगणकातील शेरा रोजच्या वापरात आहे. पुसू नये.' आणि खाली सही केली.

तिची हरकत नियमात बसते, त्यामुळे संगणक विकता आलेला नाही. जगनशेठना तसं लेखी कळवलं आहे. आता नाव न नोंदवलेली माणसंही येऊन दारातून विचारतात, "आमच्याबद्दल काही लिहिलंय का हो?" कृष्णाबाई त्यांच्याकडे पाहतात आणि जागच्या जागी शेरा लिहून देतात. तो नव्या संगणकात भरला जातो.

राहता राहिलात आपण. आपला मंडळाशी काही संबंध नाही. तरीही गव्हाणचा मुलगा, परेशची आई आणि आमच्या ओट्यापाशी नवरा-बायकोत झालेलं बोलणं, असं सगळं आपण शेवटपर्यंत वाचलंत. यातल्या एकाची तरी संमती घेतली होती का, हे एकदाही विचारलं नाहीत. कृष्णाबाईंनी आपला शेरा लिहून ठेवला आहे. तो फोनवर सांगितला जात नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात. रांग असते, जरा लवकर यावं.