दुसऱ्या फेरीची भानगड

"गुरू, विमान कितीचं?" सकाळी चहा पुढ्यात आला की अप्पा विचारत.

गुरुदत्तचं टेनिस सुटूनच एक तप झालं होतं. आता तो खांदा कॉलनीत पोरांना शिकवायचा. पण वडिलांची, म्हणजे अप्पांची, स्मृती जुन्याच सालात मुक्कामाला होती आणि खरं सांगितलं की ते दिवसभर रडवेले होऊन बसत. म्हणून गुरुदत्त किट उचलून ताश्कंदला म्हणून खांदा कॉलनीत जाई आणि जेवायला परत येई.

"काय झालं रे?"

"पहिल्याच फेरीत हरलो, अप्पा."

"असू दे. हात धू."

यात त्याला फारसा अभिनय करावा लागत नसे. खऱ्या कारकिर्दीतही तो बहुतेक देशांतून असाच परतला होता.

एकदा अप्पांना ताप आला. म्हाताऱ्याला थोडं सुख द्यावं म्हणून गुरुदत्त म्हणाला, "अप्पा, जिंकलो!"

अप्पा ताडकन उठून बसले. "मग इथे काय करतोस? दुसरी फेरी कोण खेळणार? चारू, याची बॅग भर!"

"अप्पा, त्याला जेवू तर द्या," गुरुदत्तची बायको चारुता म्हणाली.

"जिंकलेला माणूस घरी जेवायला येतो का?"

तर्क बिनतोड होता. गुरुदत्त उपाशीपोटी रोडपालीला बहिणीकडे गेला. दुसऱ्या दिवशी बहिणीने, मनिषाने, उत्साहाच्या भरात फोनवर अप्पांना सांगून टाकलं, "दादा पुढची मॅचपण जिंकला!"

संध्याकाळी चारुताचा फोन आला. "गुरू, अप्पा कालपासून जेवले नाहीत. नुसते दाराकडे बघतायत. आज हर."

"उपांत्यपूर्व फेरीत?"

"कुठेही हर, पण घरी ये!"

तो धावतपळत आला. "हरलो, अप्पा."

अप्पांचा चेहरा उजळला. "बरं झालं बाबा! चारू, आम्हा दोघांना वाढ." मग आवाज खाली आणत ते म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. तू परदेशी गेलास की मी तळ्यावरच्या गणपतीला जाऊन सांगायचो, पोराला लवकर घरी पाठव."

आपला बॅकहँड कच्चा होता, अशी गुरुदत्तची इतकी वर्षं समजूत होती.

"दर वेळी, अप्पा?"

"एकदा माझा पाय मुरगळला, तेव्हा देवळात जाणं झालं नाही. पंधरा दिवस आला नाहीस तू."

गुरुदत्तच्या घरात चषक एकच होता, तो त्याच पंधरवड्यातला. ताट पुढे ओढून त्याने अप्पांसाठी वरणभात कालवायला घेतला.