एका ओळीची मोटर

"आई, आजपासून तुझा गुडघा रिटायर!" रामदासनं जाहीर करून टाकलं.

येडगावच्या धरणाकाठी त्यांची पाण्याची मोटर. घरापासून उतार असा, की उतरताना देव आठवावा नि चढताना डॉक्टर! गोजरबाई दुखरा गुडघा घेऊन ती चालू करायला जायची, बंद करायलाही जायची. लेक अवसरीला इंजिनिअरिंग शिकतो आणि आईनं लंगडावं? रामदासनं मोटरला मोबाईलचं यंत्र जोडलं, प्रोग्राम लिहिला. तोही केवढा? एका ओळीचा! एकातून आधीचा आकडा वजा करायचा. शून्याचा एक, एकाचा शून्य. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद.

"मिस कॉल दिला की मोटर चालू. परत दिला की बंद. बास!"

"लई हुशार गं बया माझं पोरगं!"

रामदास छाती फुगवून हॉस्टेलवर परतला.

आता आपल्याकडं मिस कॉल कधी एकटा असतो का? लागला का नाही, म्हणून लगेच दुसरा द्यायचाच. गोजरबाईनंही लागोपाठ दोन दिले. मोटर चालू झाली नि बंदही झाली! पाणी येईना म्हणून रामदासच्या धाकट्या बहिणीनं, उज्ज्वलानं, एक दिला. चालू! तेवढ्यात रामदासनंही कौतुकानं हॉस्टेलवरून एक ठोकून दिला. बंद!

"आरं, पाणी न्हाई. मोटर चालू हाय का बंद?" गोजरबाईनं फोनवर विचारलं.

रामदासला घाम फुटला. ते त्यालाही कळत नव्हतं! त्याच्या ओळीला फक्त उलटं करता यायचं, सांगता कुठं यायचं?

"आई... जरा खाली जाऊन बघतेस?"

गोजरबाई फोन घेऊन उतरली. मोटर बंद. समोर उभी राहून कॉल दिला. चालू! समाधानानं निम्मा चढ चढली, तर आवाज थांबला. मळ्यात तिचा नवरा चिमाजी. बायकोचा गुडघा दुखतो, बिचारीला खेप नको, म्हणून त्यानं मायेनं मिस कॉल दिला होता!

आठवडाभर हेच. आधी दोन खेपा व्हायच्या, आता पाच.

शनिवारी रामदास घरी आला. आईचा गुडघा सुजून कवठाएवढा. त्याला रडूच आलं. तेल कोमट करून तो चोळायला बसला.

"माझं चुकलं, आई. आता दोन नंबर ठेवतो. एकानं फक्त चालू, दुसऱ्यानं फक्त बंद. मग कुणी कितीदा का कॉल देईना!"

गोजरबाईनं विचार केला.

"म्हंजी मोटरच्या पेटीवर बटणं हायेत तसंच? हिरवं चालूचं, लाल बंदचं?"

रामदास खाली मान घालून तेल चोळत राहिला.