भालचंद्र सरांचा समावेशक तास

खेळाच्या तासाला आसिफाकडं चपला राखायचं काम असे. सहावीतल्या या पोरीचा डावा पाय जन्मापासून अधू. काठी टेकत यायची आणि लिंबाखाली बसायची. "पडली तर तिच्या अब्बांना काय सांगू?" हा भालचंद्र सरांचा कायमचा सवाल. समावेशक खेळांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलं होतं; पण ते सगळं खुर्चीत बसूनच झालं, आणि त्यातलं त्यांच्या लक्षात जेवण तेवढं राहिलं.

गुरुवारी हसनाबादजवळच्या त्या शाळेत विस्तार अधिकारी वंदना मॅडम न कळवता येऊन थडकल्या. "ही मुलगी का बसलीय?"

"पंच आहे, मॅडम," सर म्हणाले.

"न्हाई मॅडम, मी चपला राखून राह्यले," आसिफा म्हणाली.

सर घाईघाईनं म्हणाले, "आता खेळणारच होती ती!"

"कोणता खेळ?"

कबड्डीत पडेल, खो-खोत धावावं लागेल. सर डोकं खाजवत असतानाच ऋषी ओरडला, "लंगडी, सर!"

सरांनी त्याच्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं. हा शब्द आसिफासमोर काढायचा नाही, अशी त्यांचीच सक्त ताकीद होती. पण आसिफानं काठी केव्हाच टाकली होती. "जल्दी चौकोन आखा सर!"

उजव्या पायावर ती जी सुटली! घरात, अंगणात ती लहानपणापासून अशीच हिंडायची. काठी फक्त शाळेपुरती. इतरांचे पाय दहा उड्यांत भरून यायचे, हिला दमच लागेना. बघता बघता बावीसच्या बावीस गडी बाद.

"मॅडम, हे बराबर न्हाई," ऋषी धापा टाकत म्हणाला. "तिला सवय हाय!"

"सर, आता तुमी," आसिफा म्हणाली.

मॅडम बघत होत्या, त्यामुळं सर पोट सावरत चौकोनात उतरले. दुसऱ्याच वळणाला त्यांचा पाय घसरला आणि ते मातीत आडवे झाले. आसिफानं उड्या मारत येऊन पाठीवर थाप दिली. "बाद! लागलं का सर? उठा, मला धरा."

मॅडमनी पिशवीतून एक तक्ता काढला. "विशेष मदत लागणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं भरा."

सरांनी बराच वेळ घेतला. मॅडमनी तक्ता वाचला. बाद झालेल्या बावीसही गड्यांची नावं होती, आसिफाचं नव्हतं. त्यांच्याखाली लिहिलेल्या तेविसाव्या नावापाशी त्या थांबल्या.

"हा भालचंद्र कोणत्या वर्गातला?"

सर गुडघा चोळत म्हणाले, "नवीन आहे, मॅडम. आजच दाखल झालाय."