सातपुतेकाकांची टाळी

सातपुतेकाकांनी टाळी वाजवलेली आमच्या वारज्याच्या सोसायटीत कोणी पाहिलेली नव्हती. गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवाव्या लागतात, म्हणून ते आधीच येऊन घंटा ताब्यात घेतात. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे मोजायची सवय. गेल्या कोजागरीला चौदा जण गायले आणि चौदाही वेळा काका मांडीवर हात ठेवून बसले. चौदावा मी होतो.

"काका, आवडलं नाही का?" मी विचारलं.

"दुसऱ्या कडव्यात घसरलात."

पहिल्या कडव्याबद्दल काहीच नाही.

काकांनी सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली. यंत्राचे सुटे भाग समोर यायचे, त्यांच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि दोष सापडला की लाल ठिपका द्यायचा. काका निवृत्त झाले, अंगठा झाला नाही. जिन्याचा कठडा, लग्नपत्रिका, माझ्या नव्या स्कूटरचं मडगार्ड, सगळ्यावरून तो फिरतो. बी विंगमधल्या जोडप्यानं हौसेनं बाळ दाखवायला आणलं, तेव्हा काकांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि "नखं वाढलीत," असं म्हणून परत केलं.

त्यांचे शेरे दोनच. 'रीवर्क', म्हणजे दुरुस्त होईल, आणि 'रिजेक्ट'. एका होळीला माझ्या बायकोच्या पुरणपोळीला रीवर्क मिळालं. पुढच्या होळीला तिनं ताट पाठवलंच नाही. संध्याकाळी काका स्वतः दारात. "यंदा चुकून राहिलं का?"

घरी ते आणि मुलगी रेवती, दोघंच. सुमनकाकूंना जाऊन आता तीन वर्षं होतील. रेवती हिंजवडीत चांगल्या नोकरीला होती. ती सोडून ती रॅप करायला लागली. तालावर भराभर बोलायचं आणि यमक सुटू द्यायचं नाही, एवढं मला त्यातलं कळतं. स्पर्धांत हरणं आणि कॅफेत फुकट कार्यक्रम करणं, असा पहिल्या वर्षाचा ताळेबंद होता. नोकरी सोडल्याचं तिनं सांगितलं, तेव्हा काका काहीच बोलले नाहीत.

जिन्यात ती माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, ओरडले असते तरी चाललं असतं हो. मी बरी आहे की फालतू आहे, एकदा काय ते सांगा ना! हा माणूस ऐकतो, जेवतो आणि उठतो."

मग तिला एका टीव्ही मालिकेत काम मिळालं. रॅपमध्ये नाव काढायला धडपडणाऱ्या पोरांची विनोदी मालिका. रेवतीचं काम छोटं. ती येते, रॅप करते, प्रेक्षक थंड बसतात, ती हरते. रॅप मात्र तिनं स्वतः लिहिलेलं. मालिकेला प्रेक्षक हवे होते, तेही फुकट. सोसायटीतून नऊ जण तयार झाले. काकांचं नाव रेवतीनंच दिलं.

"बाबांना पहिल्या रांगेत बसवा," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "इतका थंड चेहरा पैसे मोजून मिळणार नाही."

कात्रजच्या पुढे एका गोदामात चित्रीकरण होतं. दिग्दर्शक तिशीतला, घाईतला. "टाळी नाही, मान हलवायची नाही. दगड! या काकांकडे बघा सगळ्यांनी."

रेवती सुरू झाली. कंपनीची बस, वारज्याचा पूल, दोन माणसांच्या घरातली तिसरी खुर्ची, असं बरंच काही त्यात होतं. मला निम्मं कळलं. ती थांबली. गोदाम चिडीचूप. आणि माझ्या शेजारून ओली पिशवी झटकल्यासारखा आवाज यायला लागला. सवय नसल्यामुळे काकांचे तळवे नीट जुळत नव्हते.

"कट! कोण वाजवतंय?"

सगळे काकांकडे बघायला लागले.

"काका, ती हरते इथे."

"का?"

"का म्हणजे? तसं लिहिलंय."

"दोष दाखवा."

"कसला दोष?"

"रिजेक्ट करायचं तर दोष दाखवावा लागतो. मला सापडला नाही."

रेवती माईक धरून तशीच उभी होती. "बाबा, माझं पहिलं काम आहे. प्लीज."

दुसऱ्या वेळी मी काकांना हात मांडीखाली दाबून बसायला लावलं. रॅप संपलं आणि हात बाहेर आले. या वेळी टाळी जरा बरी वाजली. रीवर्कचा फायदा दिसत होता. दिग्दर्शकानं अहोजाहो करत काकांना बाहेर काढलं, आणि सोबत म्हणून मलाही.

बाहेर चहाची टपरी होती. "काका, तुमच्यापायी तिचं काम गेलं तर?" मी म्हटलं.

काका ग्लासच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "चांगल्या नगाला खात्यात कोणी काही बोलत नाही. तो गुपचूप पुढे जातो. घरीही मला तीच सवय." मग म्हणाले, "सुमन सांगायची तिला. आतल्या खोलीत जाऊन. 'आवडलंय हो बाबांना.' आता आत जाऊन सांगायला कोणी नाही."

मी हिशेबाचा माणूस. आणखी दोन चहा सांगितले.

तेवढ्यात रेवती आली. गळ्यात मालिकेतली जाड सोनेरी साखळी. "झालं एकदाचं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच फटक्यात ओके." मग आवाज उतरला. "बाबा, खरंच दोष नव्हता?"

काका काहीच बोलले नाहीत. एरवी ती पाय आपटत निघून गेली असती. आज तिनं त्यांचा हात उलटा करून तळवा पाहिला. लालभडक झाला होता. ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

काकांचा अंगठा तिच्या साखळीवरून फिरला. "कड घासलेली नाही. मान कापेल. हे रिजेक्ट." त्यांनी खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला, घडी करून साखळीखाली नीट बसवला आणि मागे गाठ मारली.

पुढच्या सीनला ती तशीच गेली. आता मालिका लागते. हरल्यावर ती रस्त्यानं एकटी चालत जाते, तेव्हा गळ्यात तो रुमाल स्पष्ट दिसतो. आमच्या सोसायटीतली दोन-तीन पोरं हल्ली तसाच रुमाल बांधून हिंडतात. त्यांना ती फॅशन वाटते. काका गेटपाशी उभे राहून त्यांच्याकडे चष्म्यातून बघतात, आणि काहीच बोलत नाहीत.